कणी, कोंडा आणि एक मासा: अर्धी भाषा येणाऱ्यांच्या गोष्टी

इयरफोन नीट लावा. ऐकण्याऐवजी वाचत असाल तरी हरकत नाही, फक्त मनातल्या मनात मोठ्याने वाचा, कारण आजचा विषयच सांगण्या-ऐकण्याचा आहे.

आधी एक छोटा खेळ. मी सुरुवात करतो, पुढचं तुम्ही पूर्ण करा. एक म्हातारी लेकीकडे निघाली. वाटेत जंगल. जंगलात भेटला वाघ. वाघ म्हणाला, थांब, मी तुला खाणार...

झालं ना पूर्ण? लेकीकडचं तूप आलं, भोपळा आला, वाघाला चकवून घरी पोचलेली म्हातारी पण आली. मी काहीच सांगितलं नाही, सगळं तुमच्याकडेच होतं.

आता समजा हीच गोष्ट तुम्हाला कोणी कानडीत सांगायला बसलं, आणि तुम्हाला कानडीचे जेमतेम चाळीस शब्द येतात. ‘आजी’ कळलं, ‘वाघ’ कळलं, हातांनी केलेला गोल भोपळा दिसला, की बाकीचं तुम्ही स्वतःच भरून घ्याल. सांगणाऱ्याची भाषा तोडकी असेल तरी तेच. गोष्ट दोघांना आधीपासून माहीत असेल, तर भाषा अर्धी असूनही काम होतं. आजचा एपिसोड या एका मुद्द्यावर उभा आहे.

सायगाव, १९७५

३० एप्रिल १९७५. उत्तर व्हिएतनामचे रणगाडे सायगावच्या राष्ट्रपती भवनाचं फाटक तोडून आत शिरले आणि व्हिएतनाम युद्ध संपलं. त्या वर्षात सुमारे १ लाख ३० हजार माणसं व्हिएतनाममधून अमेरिकेत पोचली. पुढची काही वर्षं लोक मिळेल त्या बोटीत बसून समुद्रात उतरत राहिले. जगाने त्यांना नाव दिलं ‘बोट पीपल’. किती बुडाले याचा नीट हिशोब कुणाकडेच नाही. जे वाचले ते मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, फिलिपीन्सच्या छावण्यांमध्ये थांबले. फिलिपीन्समध्ये बतानला १९८० साली मोठं केंद्र उघडलं. अमेरिकेला जाण्याआधी माणसं तिथे काही महिने राहायची आणि इंग्रजी शिकायची, अमेरिकेत कसं वागायचं, दुकानात कसं बोलायचं, वगैरे.

अमेरिकेत पोचल्यावर पहिल्या लाटेतल्या या कुटुंबांना सरकारने मुद्दाम वेगवेगळ्या राज्यांत विखुरलं. एकाच शहरावर ताण नको, आणि माणसं लवकर तिथली होऊन जावीत, असा हिशोब. त्यामुळे काल-परवापर्यंत सायगावच्या उकाड्यात राहिलेली माणसं बर्फाळ गावात, आजूबाजूला आपली भाषा बोलणारं एकही घर नाही, अशी जाऊन पडली.

आणि मग तेच झालं जे प्रत्येक स्थलांतरित घरात होतं. मुलं शाळेत गेली. वर्ष-दोन वर्षांत फाडफाड इंग्रजी बोलायला लागली. आई-वडील कारखान्यात, शिलाईच्या मशीनवर, हॉटेलच्या भटारखान्यात. तिथे बोलायचं काम कमी, हात चालवायचं काम जास्त. त्यांचं इंग्रजी अडखळतच राहिलं. इकडे मुलांची व्हिएतनामी घरातल्या पाच-पन्नास वाक्यांपुरती उरली: जेवायला ये, अभ्यास झाला का, स्वेटर घाल.

यात एक गोष्ट उलटी होते, आणि ती फार बोचते. मूल आई-बापाचं दुभाषी होतं. डॉक्टरकडे, बँकेत, घरमालकासमोर नऊ-दहा वर्षांचं पोर उभं राहून आईचं म्हणणं सांगतं. शाळेतून तक्रारीची चिठ्ठी आली, तर तीही तेच पोर वाचून दाखवणार. (काय वाचून दाखवत असेल, हे तुम्हीच ओळखा.) घरात मोठं कोण आणि लहान कोण, हे जरा गडबडतं.

‘मी’ म्हणायचं कसं?

व्हिएतनामी भाषेची एक गंमत सांगतो, म्हणजे ही अडचण किती खोल आहे ते कळेल. या भाषेत घरात बोलताना साधं ‘मी’ आणि ‘तू’ जवळजवळ वापरतच नाहीत. नात्याने बोलतात. मूल आईशी बोलताना स्वतःला ‘कोन’ म्हणतं, म्हणजे लेकरू. आई स्वतःला ‘मे’ म्हणते, म्हणजे आई. ‘मला भूक लागली’ असं नाही, ‘लेकराला भूक लागली’. आपल्याकडे नाही का आई लाडात आली की म्हणते, ‘आईचं ऐकणार ना बाळ?’ तसं, पण चोवीस तास आणि आयुष्यभर.

आता विचार करा. इंग्रजीत वाढलेल्या पोराच्या तोंडात दिवसभर एकच स्वतंत्र, ताठ उभा ‘मी’ आहे. घरी आलं की तोंड उघडताच ते ‘लेकरू’ होतं. काही गोष्टी अशा असतात ज्या लेकरू म्हणून सांगता येत नाहीत, आणि ज्या भाषेत सांगता येतील ती आईला पुरेशी येत नाही.

लिपीचाही एक घोळ आहे. व्हिएतनामी आज रोमन अक्षरांत लिहितात. सतराव्या शतकात तिथे गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी ही लिपी घडवली, आणि अलेक्सांद्र द ऱ्होद या पाद्र्याचा शब्दकोश १६५१ साली रोममध्ये छापला गेला. म्हणजे आई आणि मूल, दोघांनाही एकमेकांची अक्षरं ओळखीची. पण व्हिएतनामीत एकाच अक्षरावर चिन्ह बदललं की सूर बदलतो आणि अर्थच बदलतो. ‘मा’ एका सुरात भूत, दुसऱ्या सुरात आई, तिसऱ्या सुरात भाताचं रोप. अक्षर तेच, आवाज परका. दोघं एकाच पानाकडे बघतात आणि दोघांना वेगळं ऐकू येतं.

या पानावर दोघं भेटणार कुठे? बऱ्याच घरांत त्याचं उत्तर निघालं, परीकथेत. कारण मुलाला सिंड्रेला माहीत होती आणि आईला तम.

कणी आणि कोंडा

तम आणि काम, या दोन सावत्र बहिणी. (आपल्या कानाला भलतेच शब्द वाटतात, कल्पना आहे!) व्हिएतनामीत तम म्हणजे तांदळाची कणी आणि काम म्हणजे कोंडा. भात सडल्यावर मागे उरतं ते. शेतकऱ्याच्या घरातली गोष्ट आहे हे नावातच कळतं.

तम पोरकी. सावत्र आई दोघींना कोळंबी-मासे धरायला पाठवते: जिची टोपली भरेल तिला तांबडी चोळी. तम दिवसभर राबते. काम म्हणते, ताई, केसात चिखल गेलाय, धुऊन ये. तम पाण्यात उतरली की काम तिची टोपली आपल्यात रिकामी करून पसार. तम रडत बसते आणि समोर ‘बुत’ येतो. हा बुत म्हणजे आपला बुद्ध, त्याच नावाचं तिकडे रुळलेलं जुनं रूप. तो विचारतो, का रडतेस? बघ टोपलीत, एक तरी मासा राहिलाय का. एक चिमुकला राहिलेला असतो. तम त्याला विहिरीत सोडते आणि रोज आपल्या वाटचा भात घालते. सावत्र आईला पत्ता लागतो, मासा कापून खाल्ला जातो. तम त्याची हाडं गोळा करून मडक्यांत घालते आणि पलंगाच्या पायांखाली पुरते. उत्सवाच्या दिवशी त्याच मडक्यांतून नवे कपडे निघतात आणि जोडे. एक जोडा पाण्यात पडतो, राजाचा हत्ती तिथेच अडून बसतो, जोडा सापडतो, पायात बसतो, लग्न होतं.

इथवर सगळं ओळखीचं. अमेरिकन मूल म्हणणार, संपली गोष्ट. आई म्हणणार, अरे, आत्ता तर सुरू झाली!

कारण तम वडिलांच्या श्राद्धाला माहेरी येते. सावत्र आई तिला पोफळीवर चढवते, सुपाऱ्या काढ म्हणते, आणि खालून झाड तोडते. तम मरते. तिच्या जागी काम राणी होऊन जाते. तम हळद्या पक्षी होते, त्यांना मारून टाकतात. तम झाड होते, तोडतात. त्या लाकडाचा माग होतो, जाळतात. राखेतून एक झाड उगवतं, त्याला एकच सोनेरी, घमघमणारं फळ. एक म्हातारी ते फळ जपून घरी नेते. म्हातारी बाहेर गेली की फळातून तम निघते, झाडलोट करते, स्वयंपाक करते आणि परत फळात. एक दिवस राजा त्या झोपडीत येतो, विडा खातो आणि थबकतो. पानाला असा पंखासारखा आकार देणारी एकच बाई त्याला माहीत असते.

आणि शेवट? शेवट भयानक आहे. परत आलेली तम बहिणीला उकळत्या पाण्यात उतरवते, तिचं लोणचं घालते (आपल्याकडे खाऱ्या मासळीचं घालतात तसं) आणि सावत्र आईला पाठवते. ती ते चवीने खाते, भांड्याच्या तळाशी कवटी दिसेपर्यंत. खुद्द व्हिएतनाममध्ये हा शेवट मुलांना शिकवावा की नाही यावर वाद झालेत, आणि बऱ्याच छापील आवृत्त्यांमध्ये तो मऊ केलेला आहे.

हा शेवट लक्षात ठेवा. शेवट बदलणं, याकडे आपण परत येणार आहोत.

गोष्ट लिहिली साहेबाने, सांगितली कुणी?

आता इतिहासात जरा मागे जाऊ. १८९३ साली मॅरियन रोआल्फ कॉक्स या इंग्रज बाईंनी जगभरातल्या सिंड्रेलाच्या ३४५ आवृत्त्या गोळा करून एक जाडजूड ग्रंथ काढला. पेरोची फ्रेंच सिंड्रेला १६९७ची, ग्रिम बंधूंची जर्मन १८१२ची. पण यांच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, दुआन चंगशी नावाच्या चिनी अधिकाऱ्याने ये शिआन या मुलीची गोष्ट लिहून ठेवली. सावत्र आई, पाळलेला मासा, मारलेला मासा, त्याची जपलेली हाडं, सोन्याचा जोडा. तमची थोरली बहीणच म्हणा.

आणि दुआनने एक फार चांगलं काम केलं. गोष्ट कुणी सांगितली तेही लिहून ठेवलं. ली शियुआन, त्याच्या घरचा जुना नोकर. गाव योंगचौ, म्हणजे आजच्या नाननिंगजवळचा, व्हिएतनामच्या सीमेलगतचा मुलूख. दक्षिणेकडून आलेला, मालकाच्या भाषेत बोलणारा नोकर. जगातल्या अगदी जुन्या लिखित सिंड्रेलांपैकी एक अशा माणसाच्या तोंडून आली.

आता हजार वर्षं पुढे, आणि सरळ आपल्या दख्खनमध्ये.

१८६५-६६चा हिवाळा. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रीयर दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर आहेत. तंबू, घोडे, कारकून असा सगळा लवाजमा. सोबत त्यांची मुलगी मेरी. मेरीच्या सोबतीला तिची आया, ॲना लिबेराटा डिसूझा. मेरी कंटाळली आणि म्हणाली, ॲना, तुला गोष्टी येतात का? ॲनाला यायच्या, आजीने सांगितलेल्या. ॲनाचं घराणं मूळचं लिंगायत, कालिकतकडचं. ते गोव्याजवळ येऊन राहिलं आणि ख्रिस्ती झालं. आजोबा इंग्रजी पलटणीत हवालदार, खडकीच्या लढाईत होते. आजीच्या गोष्टी अर्थातच इंग्रजीत नव्हत्या. ॲनाने त्या आपल्याला येईल तशा इंग्रजीत मेरीला सांगितल्या. मेरी लिहून घ्यायची आणि पुन्हा ॲनाला वाचून दाखवायची, सगळं बरोबर आलंय ना म्हणून. १८६८ साली लंडनमध्ये पुस्तक आलं, ‘ओल्ड डेक्कन डेज’. ॲनाने सांगितलेली तिची स्वतःची जीवनकहाणीही त्यात आहे, आणि मेरीने तिच्या इंग्रजीची घडण बरीचशी तशीच ठेवली आहे.

त्या पुस्तकात सोदेवाबाईची गोष्ट आहे. तिचा जोडा डोंगरावरून खाली पडतो, राजपुत्राला सापडतो. आणि सूर्याबाईची आहे. सूर्याबाईला राजाची थोरली राणी तळ्यात ढकलते. तिथे सोनेरी सूर्यफूल उगवतं. राणी ते जाळते. राखेतून आंब्याचं झाड येतं. त्याचा पिकलेला आंबा एका गरीब गवळणीच्या दुधाच्या भांड्यात पडतो. ती घरी नेते, बघते तर आंब्याच्या जागी एक इवलीशी बाई!

आठवलं काही? पोफळीवरून पडलेली, जाळलेली, राखेतून झाड होऊन फळात आलेली, गरीब म्हातारीच्या घरी पोचलेली तम. फळ तेवढं बदललं. तिकडचं सोनेरी फळ, इकडे आंबा.

ली शियुआन आणि ॲना, दोघांना एकत्र बघितलं की मला वाटतं, परीकथा एका भाषेतून दुसरीत नेण्याचं काम पंडितांनी नंतर केलं. आधी ते केलं अर्धी भाषा येणाऱ्या माणसांनी. ॲनाला इंग्रजीत वर्तमानपत्र वाचून दाखव म्हटलं असतं तर ती अडली असती. गोष्ट सांगताना ती अडली नाही. राजा, राणी, राक्षस, तळं, आंबा, एवढ्यावर गोष्ट चालते. मग हे झालं, मग ते झालं, तीन वेळा तसंच झालं. परीकथेची वाक्यं छोटी, प्रसंग परत परत येणारे. परकी भाषा शिकणाऱ्याला नेमकं हेच पेलतं. आणि जोवर गोष्ट चालू आहे तोवर गव्हर्नरची मुलगी ऐकणारी आणि आया सांगणारी. पुढे काय होणार हे फक्त आयाला माहीत.

म्हणूनच स्थलांतरित घरात गोष्टीची किंमत वेगळी आहे. दिवसभर जी आई मुलाच्या मागे उभी राहते, ती रात्री गोष्ट सांगताना पुन्हा मोठी होते.

शेवट कुणाचा?

आता वळतो एका पुस्तकाकडे, ज्याच्यामुळे मला हा एपिसोड करावासा वाटला. ‘द मॅजिक फिश’, २०२० साली आलेली ग्राफिक नॉव्हेल. चित्रं आणि लेखन त्रुंग ले न्गुयेन यांचं. ते स्वतः फिलिपीन्समधल्या निर्वासित छावणीत जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. तिएन नावाचा शाळकरी मुलगा आणि त्याची आई हिएन, शिवणकाम करणारी. मुलगा लायब्ररीतून परीकथांची पुस्तकं आणतो आणि दोघं मिळून वाचतात. आईचं इंग्रजी सुधारावं म्हणून, आणि दोघांना एकमेकांजवळ बसता यावं म्हणूनही. पुस्तकात तीन रंग आहेत: आत्ताचं घर लाल, आईच्या आठवणी पिवळ्या, परीकथा निळ्या. एका पानावर तिन्ही रंग आले की बोलता बोलता मन कुठे कुठे फिरतंय ते शब्दांशिवाय कळतं.

तिएनला एक गोष्ट आईला सांगायची आहे. त्याला मुलगे आवडतात. व्हिएतनामीत हे कसं म्हणायचं हेच त्याला ठाऊक नाही. इंग्रजीत म्हटलं तर आईला कळेल का, आणि कळलं तर काय होईल? मघाशी म्हटलं ना, काही गोष्टी ‘लेकरू’ म्हणून सांगता येत नाहीत.

आईकडेही न सांगितलेलं बरंच आहे. मागे सोडलेला देश, मागे राहिलेली आई, समुद्र. आजी वारते तेव्हा हिएन व्हिएतनामला जाते, आणि तिथे नात्यातली एक वडीलधारी बाई तिला तमची गोष्ट सांगते, त्या भयानक शेवटासकट.

आणि मग येते जलपरी. हान्स अँडरसनची, १८३७ सालची. माणसांच्या जगात जायला मिळावं म्हणून ती चेटकिणीला आपली जीभ कापून देते. नव्या देशात पाय मिळतात, आवाज जातो. यापेक्षा नेमकं स्थलांतर कुणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही, आणि अँडरसनच्या डोक्यात स्थलांतर नसावं बहुतेक! त्याच्या गोष्टीत शेवटी राजपुत्र दुसरीशी लग्न करतो आणि जलपरीचा समुद्राचा फेस होतो.

पुस्तकात शेवटी ही गोष्ट आई सांगायला घेते, आणि शेवट बदलते. तिच्या तोंडी जलपरी फेस होऊन विरत नाही, तिला सुख मिळतं. आणि ते अशा तऱ्हेने की ऐकणाऱ्या मुलाला कळतं, आईला कळलंय, आणि आई माझ्या बाजूने आहे.

बघा, काय झालं इथे. जो शब्द मुलाला आईच्या भाषेत सापडत नव्हता, तो आईनेही उच्चारला नाही. तिने फक्त दोघांना पाठ असलेली गोष्ट घेतली आणि एका जागी वेगळं वळण दिलं. हे वळण मुलाला दिसलं, कारण मूळ रस्ता त्याला पाठ होता. नवी गोष्ट रचली असती तर ते कळलंच नसतं.

आणि हा आईचा काही लबाडपणा नव्हे. परीकथांच्या बाबतीत हा जुना रिवाजच आहे. व्हिएतनाममध्ये तमचा शेवट मऊ झाला, सोनेरी फळाचा दख्खनमध्ये आंबा झाला. ज्याने त्याने समोरच्या माणसाकडे बघून गोष्ट वळवली.

जाता जाता

आपल्यापैकी अनेक जण आता अशाच घरांत आहेत. कुणाचे आई-बाबा गावी आणि आपण बंगळुरूत, कुणाची भाची न्यू जर्सीत, जिला मराठी ‘समजते पण बोलत नाही’. व्हिडिओ कॉलवर आजी विचारते, जेवलीस का? नात म्हणते, येस आजी. मग दोघी स्क्रीनकडे बघत गप्प.

पुढच्या वेळी तिथे एक गोष्ट घालून बघा. आजीला म्हणा, म्हातारी आणि भोपळ्याची सांग. नातीला आधी इंग्रजीत एकदा सांगून ठेवा, म्हणजे तिला रस्ता माहीत असेल. मराठीची परीक्षा घेऊ नका, चुका काढू नका. वाघ आला की ती ओरडेल, इंग्रजीत का होईना. आणि तिने मध्येच शेवट बदलला, वाघाला भोपळ्यात बसवलं, तर आजीला सांगा, अडवू नको, ऐक.

मग मला नक्की कळवा, कुणी काय बदललं ते. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, सांगत राहा!